बुतांदिंगच्या गावात पाच दिवस

पहिला दिवस

दारागाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि समोर मायोन. सुमारे अडीच हजार मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी, चारी बाजूंनी सारख्याच उताराचा. बिकोल विभागाचं हे नवं विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. त्याआधी लोक शेजारच्या लेगास्पी शहरात उतरायचे. मनिलाहून इथवर तासाभराचं विमान, पण मुंबई सोडून आम्हाला दीड दिवस होत आला होता. दादाने डोंगराकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली आणली. डोंगराच्या पायथ्याशी माड होते आणि तो माड बघत होता.

माझा मोठा भाऊ कोकणात आचऱ्याला राहतो. दोनशेच्या आसपास माड, थोडी भातशेती, एका होडीत भागीदारी. मी पुण्यात नोकरी करते. व्हेल शार्क बघायला फिलिपिन्समधल्या दोन्सोल नावाच्या गावी जाणार म्हटल्यावर तो इतकंच म्हणाला होता, "मी पण येतंय." असं तो आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला होता, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

दोन्सोलला जाणारी व्हॅन माणसं भरली की सुटते. आमच्यात तांदळाची दोन पोती, कोंबड्यांचा एक खोका आणि शाळेतून घरी निघालेल्या मुली होत्या. वाटेत पुतियाओ नावाचा फाटा लागतो, तिथून रस्ता समुद्राकडे वळतो आणि डोंगर मागे पडतो. मग भात, नारळ, केळी, पुन्हा भात. मधूनच चिखलात बसलेली म्हैस, तिला इथे काराबाव म्हणतात. दादा खिडकीला नाक लावून बसला होता. काही माड शेंड्यापासून मोडलेले होते. तो हळूच म्हणाला, "वादळाचे." बिकोल हा वादळांच्या वाटेवरचा मुलूख. २००६ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या वादळात मायोनच्या उतारावरची राख आणि दगड पावसाबरोबर वाहत येऊन गावंच्या गावं गाडली गेली. २०१५ च्या डिसेंबरात आणखी एक वादळ सोर्सोगोन प्रांतावरून गेलं, दोन्सोल याच प्रांतात येतं. तौक्ते वादळात आमचे सतरा माड पडले होते, २०२१ च्या मे महिन्यात. नवा माड लावला की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, हे दादाला कुणी समजावायला नको.

दीड तासाने दोन्सोल. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वसलेलं, पन्नास हजारांच्या आतबाहेर वस्तीचं हे म्युनिसिपालिटीचं गाव. गाव म्हणायचं, पण त्यात ५१ बारांगाय येतात. बारांगाय म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत, निवडून आलेला कॅप्टन आणि सदस्य. हा शब्द मुळात एका होडीचा: बालांगाय नावाच्या मोठ्या होड्यांतून माणसं आली, म्हणून त्यांच्या वस्तीलाही तेच नाव पडलं. होडीच्या नावाने गाव ओळखलं जातं हे ऐकून दादा पहिल्यांदा हसला.

उतरलो त्या घरच्या बाई निवृत्त शिक्षिका. शिक्षकाला इथे गुरो म्हणतात. चेहऱ्याला मुखा, आशेला आसा. हे शब्द संस्कृतातून जुन्या व्यापाराच्या वाटेने इकडे आले आणि इथेच राहिले. सगळे त्यांना मनाय म्हणत होते, म्हणजे ताई. दादाला त्या लगेच मनोय म्हणू लागल्या.

दुसरा दिवस

पहाटे उठून दांकालानच्या केंद्रावर. हे समुद्रकाठचं बारांगाय आणि इथूनच सगळ्या बोटी सुटतात. नाव नोंदवायचं, शुल्क भरायचं, मग एक चित्रफीत बघायची. चित्रफितीत नियम: एका माशाजवळ एकच बोट, पाण्यात एका वेळी सहा माणसं, अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, पाठीवर सिलिंडर बांधून पाणबुडी नाही, एका माशाबरोबर दहा मिनिटं. आणि या नियमांवर लक्ष ठेवायला प्रत्येक बोटीवर एक माणूस, त्याला बिआयओ म्हणतात, बुतांदिंग इंटरॅक्शन ऑफिसर. बुतांदिंग म्हणजे व्हेल शार्क.

आमचा बिआयओ पन्नाशीचा. आधी मासेमारी करायचा, आताही हंगाम संपला की करतो. हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते जून, त्यातही फेब्रुवारी ते मे भराचा.

बोट बघताच दादाने तिच्याभोवती एक फेरी मारली. लांब, अरुंद, दोन्ही बाजूंना बांबूचे आडवे हात आणि त्यांच्या टोकांना पाण्यावर टेकणारे बांबू. "ही आपलीच होडी गो! फक्त उलांडी दोनय बाजूक." आमच्याकडच्या होडीला उलांडी एकाच बाजूला असते. त्या बांबूला इथे कातिग म्हणतात. दादाने कातिग आणि होडी जिथे बांधलेली होती ती गाठ बोटाने दाबून बघितली. तिथे सुंभ नव्हता, नायलॉनची जाड तंगूस होती. बोटवाल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गाठीचा दुसरा सांधाही दाखवला. एकमेकांची भाषा न येणारी दोन माणसं पंधरा मिनिटं त्या गाठीपाशी उभी होती.

बोटीच्या मधोमध एक काठी, तिच्यावर चढून एकजण उभा राहतो. त्याचं काम फक्त पाण्याखालची सावली शोधणं. तो तीन तास उभा होता. आम्ही पट्ट्यापट्ट्याने समुद्र पालथा घातला, किनाऱ्यापासून फार लांब नाही, माड दिसत राहतील इतक्याच अंतरावर. इतर बोटीही तसंच फिरत होत्या. एक-दोनदा वरच्या माणसाने हात उंचावला, आम्ही पायात पंख चढवून काठावर बसलो, आणि ती ढगाची सावली निघाली.

काही दिसलं नाही.

किनाऱ्याला लागताना बोटीवरच्या एका पाहुण्याने विचारलं, सेबू बेटावरच्या ओस्लोबला तर रोज हमखास दिसतात, मग इथे का नाही? ओस्लोबला साधारण २०११ पासून माशांना हाताने छोटी कोळंबी भरवतात, त्यामुळे ते रोज सकाळी ठरल्या जागी येतात आणि माणसं रांग लावून बघतात. आमचा बिआयओ शांतपणे म्हणाला, "इथे आम्ही भरवत नाही. तो स्वतःच्या जेवणाला येतो." त्याच्या आवाजात कुणावर राग नव्हता. पण भरवायला सुरुवात केली तर त्याचं रोजचं उत्पन्न पक्कं होईल, हे त्याला माहीत होतं. अलीकडे काही हंगामांत मासे कमी आले, कोविडमध्ये तर पर्यटन बंदच होतं. एवढं सोसूनही या गावाने भरवायचा रस्ता घेतला नाही. त्या तीन तासांच्या रिकाम्या फेरीचा मान मला तिथेच कळला.

दादा म्हणाला, "मासो काय आपल्या बापाशीचो नाय. येतलो तेवा येतलो."

दुपारी बाजार. इथल्या जेवणाने दादाला घरी आणून सोडलं. लाइंग म्हणजे वाळवलेली अळूची पानं नारळाच्या रसात, हिरवी-लाल मिरची आणि सुकी मासळी घालून मंद आचेवर आटवलेली. "हयसर येवन पण फतफतांच खाऊक गावला मगे!" असं म्हणत त्याने तिसऱ्यांदा भात घेतला. उरलेल्या फिलिपिन्समध्ये जेवण फार तिखट नसतं, पण बिकोलचे लोक मिरचीचे. नारळाच्या रसाला गाता म्हणतात आणि गाता व मिरचीशिवाय इथलं पान पुरं होत नाही. दुसरा पदार्थ किनुनोत: माशाचं मांस उकडून, हाताने कुस्करून, शेवग्याच्या पाल्याबरोबर गातात शिजवलेलं. हा मुळात शार्कच्या मांसाचा पदार्थ, आमच्याकडच्या मोरीच्या सुक्याचा जवळचा नातेवाईक. आम्हाला मिळाला तो वागळीचा होता.

तिसरा दिवस

सकाळी सव्वासात. पाणी काल निळसर होतं, आज हिरवं. बिआयओने पाण्याकडे बघून मान डोलावली. हिरवं म्हणजे प्लवंग, डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म वनस्पती आणि जीव. नदी डोंगरावरून, भातशेतीतून, खारफुटीतून जे घेऊन येते त्यावर हे प्लवंग वाढतं आणि ते खायला बुतांदिंग येतो. म्हणून दोन्सोलला पाण्याखाली स्पष्ट दिसत नाही. ज्या गढूळपणामुळे लोक तक्रार करतात, त्याच गढूळपणासाठी मासा येतो.

आठच्या सुमारास वरच्या माणसाने ओरडून हात लांब केला. बोट वळली, इंजिन मंदावलं, बिआयओ म्हणाला, "गो!" आणि मी त्याच्यामागे पाण्यात.

आधी नुसता हिरवा अंधार. माझा श्वास नळीत मोठमोठ्याने वाजत होता. बिआयओने माझा दंड धरून खाली बोट दाखवलं. मला काही दिसेना, आणि मग लक्षात आलं की मी ज्याला तळ समजत होते तो तळ नव्हता, त्याच्यावर ठिपके होते. पांढरे ठिपके, त्यांच्यामधून आडव्या-उभ्या फिकट रेषा, रांगोळीचा कागद पसरावा तशा, आणि ते सगळं सावकाश पुढे सरकत होतं. मग बाजूला मुंडकं आलं: रुंद, चपटं, पुढच्या टोकालाच तोंड, खालच्या बाजूला नव्हे. डोळा त्या मानाने फार लहान. डोळ्यामागे कल्ल्यांच्या पाच उभ्या फटी, त्या एकामागून एक उघडत आणि मिटत होत्या. पोटाखाली दोन रेमोरा मासे, शार्कच्या अंगाला चिकटून राहतात ते, स्थिर चिकटलेले. तोंड अर्धवट उघडं ठेवून तो पाणी आत घेत होता आणि कल्ल्यांतून सोडत होता. कसलीही घाई नव्हती.

लांबी बिआयओने नंतर सांगितली: सहा मीटरच्या आसपास, म्हणजे अजून पोरवयाचा. हा मासा १८ मीटरपर्यंतही वाढतो. दोन्सोलला येणाऱ्यांत असे तरुण नर जास्त असतात.

शेपूट माझ्या समोरून गेली तेव्हा तिच्या एका हेलकाव्याने पाण्याचा दाब छातीवर जाणवला. चार मीटरचा नियम का, ते तिथे कळलं. मी आचऱ्याच्या खाडीत पोहायला शिकले आहे, पाण्याची मला भीती नाही, पण त्या क्षणी माझे हात आपोआप छातीशी आले होते. नमस्कारासारखे. मला ते ठरवावं लागलं नव्हतं.

बिआयओने एक खोल बुडी मारली आणि माशाच्या डाव्या बाजूला, कल्ल्यांच्या मागे कॅमेरा धरला. प्रत्येक बुतांदिंगचे ठिपके वेगळे असतात, माणसाच्या बोटाच्या ठशासारखे. तो भाग नीट टिपला की संगणक जुन्या फोटोंशी ताडून बघतो आणि मासा ओळखतो. ही ताडण्याची पद्धत खगोलशास्त्रज्ञांनी आकाशाच्या छायाचित्रांतले तारे जुळवायला काढली होती. अशा नोंदींमुळे इथे येणारे काही मासे वर्षांनी पुन्हा येताना सापडले आहेत.

दहा मिनिटं झाल्यावर बोटीवरून शिट्टी आली आणि आम्ही वर निघालो. मासा अजून तिथेच होता, पण दहा मिनिटं म्हणजे दहाच. दुसरी बोट लांब थांबून आपली पाळी येण्याची वाट बघत होती.

दादा पाण्यात उतरला नव्हता, गुडघा दुखतो. तो काठावर ओणवा होऊन बघत होता. मी वर आले तर त्याचे डोळे ओले होते. मी विचारलं, "दिसलो?"

"पाठ दिसली," तो म्हणाला. बराच वेळ गेल्यावर पुन्हा म्हणाला, "आमच्या जाळ्यात एकदा आयलेलो. पावसाच्या तोंडार. आमी जाळा कापला."

हे मला ठाऊकच नव्हतं. घरी कुणालाच नव्हतं बहुतेक. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस वन विभागाच्या कांदळवन कक्षाने योजना आणली: संरक्षित मासा किंवा कासव जाळ्यात सापडला आणि जाळं कापून सोडला, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. दादाची गोष्ट त्याच्या आधीची. जाळं कापलं आणि त्या हंगामात दुसरं घेता आलं नाही, इतकंच त्याने सांगितलं.

दोन्सोलची गोष्ट १९९८ ची. त्या वर्षाच्या सुरुवातीला काही पाणबुड्यांनी इथल्या माशांचं चित्रीकरण केलं, बातमी देशभर गेली आणि बातमीच्या मागोमाग मारेकरीही आले. बोहोलजवळच्या पामिलाकान बेटावर आणि इतर काही किनाऱ्यांवर या माशाची शिकार चालायचीच, मांसाला तैवानमध्ये भाव होता. दोन्सोलच्या लोकांनी मात्र तो कधी धंद्यासाठी मारला नव्हता. गावाने आपलं पाणी अभयारण्य जाहीर केलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये देशाच्या सरकारने व्हेल शार्क आणि मांटा रे पकडायला सगळीकडे बंदी घातली. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंरक्षण संस्थेच्या मदतीने गावातल्याच मच्छीमारांना बिआयओचं शिक्षण दिलं गेलं. भारतात हीच बंदी २००१ ला आली, तोवर गुजरातच्या वेरावळ भागात त्याची मोठी शिकार होत होती. पुढे २००४ पासून रामकथाकार मोरारीबापूंनी तिथल्या लोकांना समजावलं की ही व्हाली, म्हणजे लाडकी, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. दादाला हे मी बोटीवर सांगितलं. तो म्हणाला, "माहेरवाशिणीक कोण मारता?"

संध्याकाळी नदीवर गेलो. लहान बोट, दिवा विझवलेला. दोन्ही काठांवर खारफुटी. वीस मिनिटं काही नाही, मग एका वळणावर एक झाड पेटलं आणि विझलं. पूर्ण झाड. आत शेकडो काजवे एका लयीत, उघड-मिट, उघड-मिट. शेजारचं झाड आपल्या लयीत. नावाड्याने सांगितलं, काजवे हेच झाड निवडतात, पागातपात. त्याने फांदी वाकवली, पान हातात दिलं, जाडसर, टोकाशी गोलसर. दादाने चिखलातून वर आलेल्या टोकदार मुळांना हात लावला आणि म्हणाला, "चिप्पी." चिप्पीचीच भावंडं ही. आपल्या महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवन-झाड म्हणून मान दिला. आचऱ्याच्या खाडीत ती आजही उभी आहे. काजवे बघायला आपल्याकडे लोक मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला जातात, गाड्यांचे दिवे लावून, मोबाइल पेटवून. इथे नावाड्याने फोन खिशात ठेवायला सांगितलं आणि सगळ्यांनी ठेवला.

चौथा दिवस

आज समुद्र नाही. मनायच्या भावाची शेती गावापासून आत आहे, तिकडे तीनचाकीतून गेलो.

घरामागे धुराची भट्टी. मातीत खणलेला खड्डा, वर बांबूची ताटी, ताटीवर फोडलेले नारळ पालथे, खाली करवंट्या आणि सोडणं जळत होती. दोन-तीन दिवसांत खोबरं आक्रसून करवंटीपासून सुटतं. याला ते कोप्रा म्हणतात. आपला खोबरं हा शब्द, मल्याळममधला कोप्परा आणि पोर्तुगीजांनी जगभर नेलेला कोप्रा हे एकाच घरातले. दादाने एक वाटी उचलून वास घेतला, नखाने कडेला ओरखडा काढला आणि म्हणाला, धूर जास्त लागला तर व्यापारी भाव पाडतो. मी इंग्रजीत सांगितलं. शेतकऱ्याने मोठ्याने हसून दोन्ही हात वर केले. मग पुढचा तासभर दोघांची पडलेल्या भावाची गोष्ट चालली आणि मी मध्ये दुभाषी.

तो सांगत होता की घर एकाच गोष्टीवर चालत नाही. भात खायला, नारळ रोख पैशाला, थोडी केळी, दोन डुकरं अडीनडीला, आणि उरलेले दिवस समुद्र. मुलगा हंगामात बोटीवर टेहळणीला उभा राहतो. म्हणजे परवा काठीवर तीन तास उभा होता तो याचाच मुलगा असू शकतो, असं मनात आलं. विचारलं तर खरंच तो होता. आमच्याकडेही हेच: दादाचं घर भात, माड, होडी आणि आंब्याच्या हंगामातली मजुरी यांवर उभं आहे. एक पाय निसटला तर बाकीचे सावरतात.

परतताना किनाऱ्यावर जाळीच्या चटया पसरलेल्या होत्या आणि त्यांवर गुलाबी पातळ थर. दादा तिथेच थांबला. "ह्यो गोलमो!" जवळाच तो, मीठ लावून वाळत घातलेला. इथे त्याला बालाव म्हणतात आणि कुटून, मुरवून त्याची चटणीसारखी पेस्ट करतात. एक बाई उकिडवी बसून त्यातून गवताच्या काड्या आणि बारीक कचरा वेचत होती. आमच्या आईचे हात असेच चालायचे. दादा शेजारी बसला आणि वेचू लागला. ती काही म्हणाली नाही, थोडी सरकून त्याला जागा दिली.

जवळाही त्याच हिरव्या पाण्यावर वाढतो आणि तो बुतांदिंगच्याही पोटात जातो. किनारा, शेत आणि मासा यांचं जेवण एकाच भांड्यातलं.

संध्याकाळी मनायच्या ओट्यावर तीन-चार मच्छीमार जमले. १९९८ च्या फेब्रुवारीत इथे मासेमारीचा नवा कायदा झाला, त्याप्रमाणे किनाऱ्यापासून १५ किलोमीटरचं पाणी त्या त्या म्युनिसिपालिटीचं, आणि त्यात पहिला हक्क लहान मच्छीमारांचा. तीन टनांहून मोठ्या व्यापारी बोटींना तिथे मज्जाव. प्रत्यक्षात रात्री मोठ्या बोटी दिवे लावून आत येतात, असं ते सांगत होते. २०२४ मध्ये तिकडच्या सर्वोच्च न्यायालयात एका व्यापारी मासेमारी कंपनीच्या बाजूने निकाल लागला आणि ही हद्दच जाणार की काय, या काळजीने देशभरचे लहान मच्छीमार हादरले. दादा हे ऐकून ताठ बसला. मालवणपासून देवगडपर्यंत पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या बोटींविरुद्ध आमच्या किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांनी आणि पारंपरिक मच्छीमारांनी काय काय सोसलंय, ते त्याने सांगायला सुरुवात केली. मालवणीत. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण "एलईडी" हा शब्द ऐकताच समोरच्या एकाने मांडीवर थाप मारली आणि समुद्राकडे बोट दाखवलं. पुढे माझी गरज फारशी पडली नाही.

पाचवा दिवस

निघताना मनायने केळीच्या पानात गुंडाळलेला पिली नट बांधून दिला. बदामापेक्षा लांब, लोण्यासारखा मऊ दाणा, बिकोलची खास गोष्ट. "दिओस माबालोस" म्हणालो, म्हणजे देव तुम्हाला याची परतफेड करो, हाच त्यांचा धन्यवाद.

व्हॅन दारागाकडे निघाली. मधेच शेजारच्या पिलार म्युनिसिपालिटीची हद्द लागते. तिथून मासबाते बेटाकडे बोटी जातात. बिआयओने परवा जे सांगितलं होतं ते मी तिथे दादाला सांगितलं. २००९ च्या मार्चमध्ये पिलारच्या किनाऱ्यावर एक बुतांदिंगचं पिल्लू सापडलं, शेपटीला दोरी बांधून खुंट्याला अडकवलेलं. डब्ल्यूडब्ल्यूएफची माणसं आणि स्थानिक अधिकारी धावले, पिल्लू मोजलं, फोटो काढले आणि लगेच खोल पाण्यात नेऊन सोडलं. तोवर जगात कुणी जिवंत पाहिलेल्यांत ते सगळ्यात लहान होतं, म्हणजे याच पाण्यात कुठेतरी ही पिल्लं जन्मत असावीत.

"कितक्या?" दादाने विचारलं.

"३८ सेंटिमीटर."

त्याने कोपर मांडीवर टेकवलं, हात सरळ धरला आणि मनगटाच्या जरा पुढे, बोटं सुरू होतात तिथे दुसऱ्या हाताने खूण केली. ती खूण धरून तो पुतियाओच्या फाट्यापर्यंत तसाच बसून राहिला.